पेशीतलं कुरियर हब आणि ते शोधणारा माणूस: कामिल्लो गोल्जी

आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकातली पेशीची ती रंगीत आकृती आठवा. केंद्रक, तंतुकणिका, लयकारिका, रिक्तिका, आंतर्द्रव्यजालिका. सगळी नावं आकारावरून नाहीतर कामावरून पडलेली. त्यात एकच नाव माणसाचं: गॉल्गी संकुल. आपण ते पाठ केलं, आकृतीला रेघ ओढून नाव दिलं, मार्क घेतले आणि पुढच्या धड्याकडे वळलो. तो माणूस कोण होता हे फार तर एखाद्या चौकटीत असतं, आणि चौकटीवर परीक्षेत प्रश्न येत नाही म्हटल्यावर ती वाचतंय कोण?

तर आज त्या माणसाबद्दल. कामिल्लो गोल्जी. इटालियन उच्चार गोल्जी असाच आहे, म्हणून मी इथे तोच वापरतोय. परीक्षेत मात्र पुस्तकात आहे तसंच लिहा, उगाच मार्क घालवू नका.

मी कोड लिहून पोट भरतो. जीवशास्त्राशी माझा संबंध बारावीला संपला. तरीही हा माणूस मला आमच्याच धंद्यातला वाटतो. सर्व्हरच्या आत काय चाललंय ते आम्हाला डोळ्यांनी दिसत नाही. लॉग लावायचे, आणि लॉगमध्ये जे उमटेल त्यावरून आतलं चित्र उभं करायचं. मग नेहमीचा प्रश्न येतो: हे खरंच सिस्टीममध्ये घडतंय, की आपण लॉग लावले म्हणून घडतंय? तुमच्या हातातल्या फोनवरही हाच प्रश्न आहे. झूम करून चंद्राचा फोटो काढलात आणि त्यात खड्डे स्पष्ट दिसले, तर ते लेन्सला दिसले की सॉफ्टवेअरने रंगवून दिले?

जे मुळात नाहीच, पण बघण्याच्या पद्धतीमुळे दिसतं, त्याला शास्त्रज्ञ आर्टिफॅक्ट म्हणतात. गोल्जींची सगळी गोष्ट या शब्दाभोवती फिरते. चांदीच्या क्षारांच्या एकाच युक्तीतून त्यांना दोन जाळी दिसली, एक मेंदूत आणि एक पेशीच्या पोटात. मेंदूतल्या जाळ्यावर त्यांनी मरेपर्यंत विश्वास ठेवला. ते नव्हतं. पेशीतल्या जाळ्यावर इतरांनी पन्नासेक वर्षं शंका घेतली. ते होतं.

डॉक्टरांचा मुलगा

जन्म ७ जुलै १८४३, उत्तर इटलीतल्या डोंगराळ भागातलं कोर्तेनो गाव. आज त्या गावाचं नावच कोर्तेनो गोल्जी आहे. तेव्हा इटली नावाचा एकसंध देश नव्हता, हा भाग ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. वडील डॉक्टर. मुलगाही पाविया विद्यापीठात वैद्यक शिकला आणि १८६५ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला.

सुरुवातीला त्यांनी चेझारे लोम्ब्रोझो यांच्या हाताखाली मानसिक आजारांवर काम केलं. हे लोम्ब्रोझो म्हणजे गुन्हेगार जन्मजातच तसा असतो आणि त्याच्या चेहरेपट्टीवरून ओळखता येतो, असं सांगणारे गृहस्थ. गोल्जींना मात्र हातात धरता येईल असा पुरावा हवा होता. मनाचा आजार मेंदूत असेल तर मेंदूत नेमकं काय बिघडतं ते दाखवा, हा त्यांचा कल. तो त्यांना जूलियो बिझ्झोझेरो यांच्या प्रयोगशाळेत घेऊन गेला. बिझ्झोझेरो त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, पण सूक्ष्मदर्शक कसा वापरायचा आणि ऊती कशा बघायच्या हे गोल्जींना याच माणसाने शिकवलं. पुढे १८७७ मध्ये गोल्जींनी बिझ्झोझेरोंच्या भाचीशी, लीना आलेत्तीशी लग्न केलं.

पण संशोधनावर घर चालत नव्हतं. ही अडचण तेव्हाही तीच होती. १८७२ मध्ये त्यांनी मिलानजवळच्या अब्बियातेग्रास्सो या छोट्या गावात नोकरी धरली. असाध्य आजाराच्या रुग्णांसाठीचं एक रुग्णालय होतं, तिथे मुख्य वैद्यकीय अधिकारी. पगार बरा, पण विद्यापीठ लांब, प्रयोगशाळा नाही, विज्ञानावर बोलायला माणूस नाही. त्या काळात अशी नोकरी घेणं म्हणजे संशोधनाला रामराम.

स्वयंपाकघरात

गोल्जींनी रुग्णालयातल्या एका स्वयंपाकघराची प्रयोगशाळा केली. एक सूक्ष्मदर्शक आणि थोडी साधनं, एवढ्यावर संध्याकाळी आणि रात्री काम सुरू.

अडचण काय होती ते आधी समजून घेऊ. मेंदूचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर जवळजवळ काहीच दिसत नाही, सगळं पारदर्शक. म्हणून रंग द्यायचा. पण तेव्हाच्या रंगांनी सगळ्याच पेशी सारख्या रंगायच्या, तेही बहुतेक मधलं धड तेवढं. लांब गेलेल्या बारीक फांद्या दिसायच्याच नाहीत. शंभर वडाची झाडं खेटून उभी आहेत, पारंब्या एकमेकांत गुंतल्यात आणि सगळ्यांना एकच रंग फासलाय असं समजा. कुठली पारंबी कुठल्या झाडाची, सांगा बघू.

गोल्जींनी मेंदूचे तुकडे पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात टाकून कडक केले आणि मग सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवले. सिल्व्हर नायट्रेट म्हणजे त्या काळी फोटोग्राफरच्या अंधारखोलीत हमखास असणारं रसायन. दोन्हींच्या संयोगातून सिल्व्हर क्रोमेटचा गडद साका पेशीच्या आत बसतो. पण सगळ्या पेशींत नाही! शंभरातल्या मोजक्याच पेशी काळ्या होतात, बाकीच्या अदृश्यच राहतात. आणि जी पेशी काळी होते ती टोकापासून टोकापर्यंत होते. धड, फांद्या, त्यांवरचे बारीक काटे, लांबच लांब गेलेला धागा, सगळं पिवळसर पार्श्वभूमीवर शाईने काढल्यासारखं.

माझ्या मते इथली खरी जादू रंगात नाही, निवडीत आहे. रोज कोट्यवधी रिक्वेस्ट येणाऱ्या सिस्टीममध्ये आम्ही प्रत्येकीची नोंद वाचत नाही. हजारातली एखादी उचलतो, पण तिचा प्रवास पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून ठेवतो. सगळ्यांची अर्धवट माहिती असण्यापेक्षा एकीची पूर्ण माहिती जास्त कामाची. गोल्जींच्या रसायनाने हे आपोआप केलं. मोजक्याच पेशी का रंगतात आणि त्याच का, याचं पूर्ण समाधानकारक उत्तर आजही नाही. पद्धत मात्र आजही प्रयोगशाळांमध्ये वापरली जाते.

१६ फेब्रुवारी १८७३ च्या एका पत्रात त्यांनी मित्राला या नव्या अभिक्रियेबद्दल कळवलं. पत्रातला आनंद लपत नाही. त्याच वर्षी एका इटालियन वैद्यकीय पत्रिकेत छोटा लेख आला. पद्धतीचं नाव पडलं काळी अभिक्रिया. गोल्जी तेव्हा तिशीचे, म्हणजे आत्ताच्या माझ्यापेक्षा थोडेच मोठे.

पहिलं जाळं

इतकं स्पष्ट चित्र समोर असताना त्यांना त्यात काय दिसलं? चेतापेशींचे लांब धागे, म्हणजे अक्षतंतू, फुटत फुटत जातात आणि शेवटी एकमेकांत विरघळून एक अखंड जाळं तयार होतं. संदेश या जाळ्यातून सगळीकडे पसरतो. वृक्षिका, म्हणजे पेशीच्या आखूड फांद्या, त्यांच्या मते संदेशासाठी नव्हत्या, पेशीला पोषण देण्यासाठी होत्या. मेंदू तुकड्यातुकड्याने नाही तर एकसंध काम करतो, असं त्यांचं मत होतं, आणि जाळं त्या मताला अगदी फिट्ट बसत होतं.

त्यांच्या लेखाकडे सुरुवातीला फार कुणी लक्ष दिलं नाही. पण त्यामुळे ते परत मुख्य प्रवाहात आले. काही वर्षांत पावियाला परतले, मधे थोडा काळ सिएनाला जाऊन आले, आणि १८८१ पासून पावियात सामान्य विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथून ते पुढे कायमचे पावियाचेच.

या काळात त्यांनी मलेरियावर केलेलं काम एरवी एखाद्याला आयुष्यभर पुरलं असतं. मलेरियाचा परजीवी रक्तात असतो हे लाव्हराँ यांनी १८८० मध्ये दाखवलं होतं. पण ताप घड्याळ लावल्यासारखा एक दिवसाआड, किंवा काही रुग्णांत दोन दिवस सोडून का येतो? गोल्जींनी १८८५ पासून रुग्णांचं रक्त पुन्हा पुन्हा तपासलं आणि दाखवलं की परजीवी लाल पेशींच्या आत वाढतात, एकदम फुटून बाहेर पडतात आणि थंडी वाजून ताप भरतो तो नेमका त्याच वेळी. ४८ तासांचा आणि ७२ तासांचा ताप देणारे परजीवी वेगवेगळे असतात हेही त्यांनीच दाखवलं. डासाचा भाग तेव्हा कुणाला माहीत नव्हता. तो १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी आपल्याकडे सिकंदराबादला उलगडला.

इकडे १८८७ मध्ये माद्रिदला सान्तियागो रामोन ई काखाल नावाच्या स्पॅनिश डॉक्टरने काळ्या अभिक्रियेने रंगवलेला एक काप पाहिला आणि तो वेडा झाला. काखाल गोल्जींपेक्षा नऊ वर्षांनी लहान. त्यांनी पद्धत सुधारली, काप दोनदा बुडवले. दुसरी युक्ती आणखी हुशारीची: पूर्ण वाढलेल्या मेंदूऐवजी पिल्लांचे आणि भ्रूणांचे मेंदू घेतले. घनदाट जंगल समजत नसेल तर रोपवाटिकेत जा, तसं. तिथे धागे अजून वाढत होते, त्यांची टोकं मोकळी दिसत होती. काखाल म्हणाले, जाळं वगैरे काही नाही, प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे आणि ती दुसरीला फक्त टेकते. १८९१ मध्ये जर्मनीच्या वाल्डायर यांनी या स्वतंत्र पेशीला न्यूरॉन हे नाव दिलं आणि बहुतेक जग काखाल यांच्या बाजूने गेलं.

गोल्जी गेले नाहीत.

इथे त्यांना हट्टी म्हातारा ठरवणं सोपं आहे, आणि बऱ्याच ठिकाणी तसंच लिहिलेलं सापडतं. मला ते पटत नाही. दोन चेतापेशींमधली फट साधारण २० नॅनोमीटर असते. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला २०० नॅनोमीटरपेक्षा कमी अंतरावरच्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवता येत नाहीत. ही प्रकाशाचीच मर्यादा आहे, भिंग कितीही चांगलं आणा. म्हणजे ती फट गोल्जींना दिसणं शक्य नव्हतं आणि काखाल यांनाही. फोनच्या कॅमेऱ्याच्या भाषेत सांगायचं तर रिझोल्यूशनच पुरेसं नव्हतं. दोघांनी एकाच धूसर जागेत आपापला अंदाज भरला. काखाल यांचा अंदाज बरोबर निघाला, कारण त्यांनी योग्य वयाचा मेंदू निवडला होता. गोल्जींचा दोष इतकाच की तीस वर्षांत विरोधी पुरावा साठत गेला तरी त्यांनी आपला अंदाज हलवला नाही.

घुबडाच्या मेंदूतलं दुसरं जाळं

आता मुद्द्याची गोष्ट. १८९७-९८ मध्ये गोल्जी काळ्या अभिक्रियेत थोडे फेरफार करून चेतापेशी पुन्हा तपासत होते. वय ५४. मधे एकदा विद्यापीठाचे कुलगुरूही होऊन गेलेले. काही कापांमध्ये वेगळंच काहीतरी दिसलं. नेहमी अख्खी पेशी काळी व्हायची. इथे पेशीचं धड जवळपास कोरं होतं आणि आत केंद्रकाभोवती पिळदार रिबिनींचं एक बारीक काळं जाळं उमटलं होतं. पेशीच्या कडेपर्यंत ते जात नव्हतं, बाहेरच्या धाग्यांशी त्याचा संबंध नव्हता. एप्रिल १८९८ मध्ये त्यांनी पावियाच्या वैद्यकीय सोसायटीपुढे ते मांडलं. पेशी होत्या गव्हाणी घुबडाच्या लहान मेंदूतल्या. नाव दिलं अंतर्गत जाळीदार उपकरण.

हे नाव मला आवडतं, कारण त्यात काम काय ते सांगायचा प्रयत्नच नाही. दिसतं तेवढंच लिहिलं. पेशीच्या आतला हा भाग नक्की करतो काय, याचा त्यांना पत्ता नव्हता आणि त्यांनी तसा आवही आणला नाही. मेंदूच्या जाळ्याबाबत जे पथ्य पाळायला हवं होतं ते त्यांनी इथे पाळलं.

अडचण अशी की हे जाळं हुकमी उमटायचं नाही. द्रावणाची तीव्रता, किती दिवस बुडवलं, प्राण्याचं वय, जरा इकडेतिकडे झालं की काप कोरा. आमच्याकडे अशा बगला सगळे घाबरतात: एकाच्या मशीनवर दिसतो, दुसऱ्याच्या मशीनवर नाही. साहजिकच लोक म्हणू लागले की हा पेशीचा भाग नसून चांदीचा खेळ असावा.

स्टॉकहोम, डिसेंबर १९०६

१९०६ चं वैद्यकाचं नोबेल गोल्जी आणि काखाल यांना मिळून जाहीर झालं. एकाने हत्यार शोधलं, दुसऱ्याने त्याच हत्याराने पहिल्याचा सिद्धांत पाडला, आणि दोघांना एकाच मंचावर बसवलं. साहित्याचं नोबेल त्याच वर्षी कवी कार्दुच्ची यांना मिळालं होतं. इटलीची ही पहिली दोन नोबेलं.

गोल्जींनी ११ डिसेंबरच्या व्याख्यानाचा विषयच निवडला न्यूरॉन सिद्धांत, आणि तासभर त्याच्यावर टीका केली. सभेला बहुधा काळ्या अभिक्रियेची गोष्ट ऐकायची असेल. काखाल खाली बसून ऐकत होते, दुसऱ्या दिवशी त्यांचं व्याख्यान होतं. पुढे आत्मचरित्रात त्यांनी या प्रसंगाबद्दल बऱ्यापैकी कडवट लिहिलं आहे.

आणि आपला विषय असलेलं ते अंतर्गत जाळं? १९०६ च्या त्या भांडणात त्याला काहीच जागा नव्हती. आज शाळेतल्या पोरांना गोल्जींचं नाव ज्याच्यामुळे माहीत आहे, त्यासाठी त्यांना नोबेल मिळालेलंच नाही.

गंमत म्हणजे या दुसऱ्या जाळ्याला सगळ्यात मोठी मदत केली ती काखाल यांनीच. १९१२ च्या सुमाराला त्यांनी युरेनियम नायट्रेट वापरून ते जाळं जास्त भरवशाने रंगवण्याची पद्धत काढली, कित्येक प्रकारच्या पेशींत ते दाखवलं आणि लेखाच्या शीर्षकात सरळ गोल्जींचं नाव घातलं. एका बाबतीत भांडण म्हणून दुसऱ्या बाबतीत खोटं बोलायचं नाही, हे बरं.

गोल्जी १९०० मध्ये इटलीचे सिनेटर झाले, आणखी एकदा कुलगुरू झाले, पहिल्या महायुद्धात पावियातल्या लष्करी रुग्णालयाची जबाबदारी सांभाळली. त्यांच्याच प्रयोगशाळेत आदेल्की नेग्री यांनी १९०३ मध्ये पिसाळलेल्या कुत्र्याच्या मेंदूत त्या खास कणिका शोधल्या, ज्यांच्यावरून पुढे कित्येक दशकं रेबीजचं निदान होत राहिलं. स्वतःचं मूल नव्हतं. २१ जानेवारी १९२६ रोजी पावियात त्यांचं निधन झालं. तेव्हा त्यांचं मेंदूतलं जाळं जवळपास निकालात निघालं होतं आणि पेशीतलं जाळं संशयाच्या फेऱ्यात अडकलं होतं.

इलेक्ट्रॉनचा निकाल

संशय पुढे वाढतच गेला. कुणी म्हणे या नुसत्या रिक्तिका, कुणी म्हणे रसायनामुळे मेदाचे थेंब फुगून तसा आकार होतो. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या जॉर्ज पलाडे आणि अल्बेर क्लोद या दोघांनी सविस्तर शोधनिबंध लिहून मत दिलं की गोल्जी उपकरण हे आर्टिफॅक्टच आहे. ही माणसं ऐरीगैरी नव्हती; पेशी फोडून तिचे भाग वेगळे करण्याच्या तंत्राचे हे उस्ताद.

मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला. प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन वापरल्याने २०० नॅनोमीटरची भिंत पडली. १९५४ मध्ये डाल्टन आणि फेलिक्स यांनी त्याखाली बघितलं आणि ज्या जागी चांदी बसायची तिथे खरोखर काहीतरी सापडलं: पातळ, चपट्या पिशव्या एकावर एक रचलेल्या, कडेला छोटे छोटे फुगे. गोल्जींना थप्पी वेगळी दिसली नव्हती, कारण प्रकाशात ती दिसूच शकत नाही. त्यांना सगळी मिळून एक काळी रिबीन दिसली. पण होती ती तिथेच. जाळं खरं होतं.

त्याच यंत्राने, त्याच काळात, दुसरा निकालही दिला. चेतापेशींमधली फट स्पष्ट दिसली. मेंदूतलं अखंड जाळं कायमचं गेलं. आणि ती फट दाखवणाऱ्यांत पलाडेही होते, ज्यांनी पाच वर्षांपूर्वी गोल्जी उपकरण नाकारलं होतं.

(एक टीप जोडतो. २०२३ मध्ये कंकतधारी नावाच्या समुद्री जीवाच्या चेताजालात पेशी खरोखर एकमेकींत मिसळून अखंड जाळं बनलेलं आढळलं. आपल्या मेंदूबद्दल गोल्जी चुकलेच, पण कल्पना अगदीच अशक्य नव्हती.)

मग हे करतं काय?

आपल्या पेशी दृश्यकेंद्रकी, म्हणजे आत कप्पे असलेल्या. प्रत्येक अंगकाला स्वतःचं आवरण. केंद्रकात माहिती. खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेवर प्रथिनं तयार होतात. ती छोट्या फुग्यांत भरून गोल्जी संकुलाच्या केंद्रकाकडच्या बाजूला येतात, थप्पीतून पुढे सरकतात आणि दुसऱ्या बाजूने फुग्यांत भरून बाहेर पडतात. हा प्रवास पलाडे आणि जेम्स जेमिसन यांनी १९६७ मध्ये गिनीपिगच्या स्वादुपिंडात मोजला. किरणोत्सारी अमिनो आम्ल तीन मिनिटं दिलं आणि मग ते कुठे पोचतंय ते बघत बसले: आधी जालिकेत, काही मिनिटांनी गोल्जीच्या काठावर, दोनेक तासांत बाहेर जायला तयार असलेल्या कणिकांमध्ये. पार्सल ट्रॅकिंगच म्हणा ना. होय, तेच पलाडे. १९७४ च्या नोबेलमध्ये ते आणि क्लोद दोघेही होते.

थप्पीतल्या प्रत्येक चकतीत वेगळी विकरं असतात. प्रथिनाला चिकटलेल्या साखरेच्या साखळीतून काही मणी काढायचे, काही नवे ओवायचे, हे त्यांचं काम. ही नुसती सजावट नाही. तुमचा रक्तगट घ्या. ए गटवाल्यांच्या गोल्जीतलं विकर साखळीला एक साखर लावतं, बी वाल्यांचं दुसरी लावतं, ओ वाल्यांचं ते विकर कामच करत नाही. एबी वाल्यांकडे दोन्ही चालतात. दुधातली साखर, लॅक्टोज, तीही दूध तयार करणाऱ्या पेशींच्या गोल्जीतच बनते.

आणि पत्ता. लयकारिकेत, म्हणजे पेशीच्या कचरा पचवणाऱ्या कप्प्यात, जाणाऱ्या विकरांवर गोल्जीमध्ये एक खूण लावली जाते: मॅनोज-६-फॉस्फेट. ती बघून माल योग्य फुग्यात चढतो. काही बाळांमध्ये ही खूण लावणारं विकर जन्मतःच बिघडलेलं असतं. पचवणारी विकरं तयार होतात, उत्तम दर्जाची असतात, पण पत्ता नसल्यामुळे थेट पेशीबाहेर टाकली जातात. आत कचरा साठत जातो, लयकारिका फुगतात, हाडं, हृदय, वाढ सगळ्यावर परिणाम होतो. या आजाराला आय-सेल आजार म्हणतात. ही मुलं बहुतेक वेळा लहानपणीच दगावतात. मालात काही दोष नाही, फक्त लेबल नाही.

पुस्तकं याला पेशीचं पोस्ट ऑफिस म्हणतात. मी शीर्षकात कुरियर हब लिहिलंय, कारण इथे नुसती छाननी होत नाही, पॅकिंग आणि लेबलही होतं. पण दोन्ही उपमा एका ठिकाणी तोकड्या पडतात. हबमध्ये टेबलं जागेवर असतात आणि पार्सल फिरतं. गोल्जीमध्येही तसंच असेल, चकत्या स्थिर आणि माल फुग्यांतून एकीकडून दुसरीकडे, असं बराच काळ मानलं जायचं. दुसरं मत असं की चकतीच माल घेऊन पुढे सरकते आणि वाटेत तिच्यातली विकरं बदलत जातात. म्हणजे टेबलच चालतं, आणि त्यावरचे कर्मचारी उड्या मारून मागच्या टेबलावर जातात.

२००६ मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या दोन वेगळ्या गटांनी जिवंत यीस्टमध्ये हे बघितलं. यीस्टच्या चकत्या थप्पीत नसतात, सुट्या विखुरलेल्या असतात, त्यामुळे एकेकीवर नजर ठेवता येते. सुरुवातीच्या विकरांना एक चमकणारा रंग आणि शेवटच्या विकरांना दुसरा दिला. तीच चकती डोळ्यांदेखत एका रंगातून दुसऱ्या रंगात गेली. निदान यीस्टमध्ये तरी टेबल चालतं. माणसाच्या पेशीत चकत्या इतक्या खेटून असतात की एकीचा रंग शेजारणीत मिसळलेला दिसतो. तिथला वाद अजून चालू आहे.